चाळ, टॉवर आणि आपलं गाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, एआयवर काहीतरी सांग." मी म्हटलं, एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली भेटतात. आपल्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र गेली कित्येक वर्षं एकाच विषयावर चालतो, तो म्हणजे घर. कुणी नाशिकला फ्लॅट बुक केला, कुणाचा हप्ता वाढला, कुणाची पुण्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, कुणाच्या वडिलांनी रस्त्यालगतचे दहा गुंठे काढले. वाढदिवसाच्या शुभेच्छा सोडल्या तर उरतं ते हेच. तेव्हा आज मी घरांवरच बोलणार आहे. सरकार जेव्हा लोकांसाठी घरं बांधतं, जुनी वस्ती पाडून नवी उभी करतं, तेव्हा नेमकं काय होतं, आणि त्यातून आपल्या गावानं काय घ्यावं, एवढंच.

सुरुवात एका शब्दापासून करते. लासलगावात 'चाळ' म्हटलं की कांद्याची चाळ डोळ्यांसमोर येते. लग्न होऊन मी मुंबईला गेले आणि सासरचे म्हणाले, "आम्ही चाळीत राहतो," तेव्हा आमच्या आत्या मला हळूच म्हणाल्या, "अगं बाई, कांद्यासारखं?" सगळे हसले. पण आत्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. कांद्याची चाळ कशी बांधायची हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तळ जमिनीपासून वर उचललेला हवा, दोन्ही बाजूंना फटी हव्यात, रुंदी बेताची हवी, आणि ढीग फार उंच करायचा नाही. जास्त माल मावावा म्हणून कुणी रुंदी वाढवली, उंची वाढवली, तर मधला कांदा तापतो, काजळी धरते, सड लागते. एप्रिलमध्ये भरलेला उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा तर वारा खेळता हवा. हे साधं शास्त्र माणसांची घरं बांधताना अनेकदा विसरलं गेलं आहे.

माझं सासर मुंबईत नायगावच्या बी.डी.डी. चाळीत. बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरणी कामगारांची गर्दी इतकी झाली की एकेका खोलीत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं राहत होती. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये हे खातं काढलं. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. पन्नास हजारांचा बेत सुमारे सोळा हजारांवर थांबला.

थांबला याचं एक कारण ऐकण्यासारखं आहे. घरांची एवढी टंचाई असूनही सुरुवातीची काही वर्षं यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. भिंती काँक्रीटच्या, खोल्या अंधाऱ्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या. भाडं कामगाराला जड, आणि वरळी तर त्या काळी गिरण्यांपासून लांब. इतकी रिकामी जागा की १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी सरकारनं वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. लोकांसाठी बांधलेली घरं लोकांना विचारून बांधली नाहीत, तर त्यांचा असा उपयोग होतो.

त्याच दशकात युरोपात व्हिएन्ना शहरानं हाच प्रश्न निराळ्या रीतीनं सोडवला. तिथल्या महापालिकेनं १९२३ मध्ये घरांवर कर बसवला. मोठ्या बंगल्याला जास्त, लहान घराला अगदी किरकोळ. त्या पैशातून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरं बांधली. १९३० मध्ये पुरी झालेली कार्ल मार्क्स होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या जागेचा पाचवा हिस्साही बांधकामाखाली नाही, बाकी सगळी अंगणं आणि बागा. आत धुलाईघरं, बालवाड्या, दवाखाना. शंभर वर्षं होत आली, तिथे आजही भाडेकरू सुखानं राहतात. पैसे दोन्हीकडे करातूनच आले. एका ठिकाणी आधी अंगण आखलं, दुसऱ्या ठिकाणी आधी खोल्या मोजल्या.

अर्थात चाळीतल्या माणसांनी चाळीला जिवंत केलं, हेही खरं. मी तिथे चार वर्षं राहिले. सासूबाई, मामंजी, दीर, आम्ही दोघं आणि पुढे माझी मुलगी, सहा जण त्या १६० चौरस फुटांत. अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्री अकराला असायचे. घरातले झोपलेले, म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन मी गॅलरीत बसायचे. समोरच्या खोलीतल्या काकू न बोलता चहाचा कप शेजारी ठेवून जायच्या. मुलगी पाळणाघरात कधी गेलीच नाही, ती मजल्यावर वाढली. पण सकाळी संडासाची रांग, पावसाळ्यात गळणारं छत, स्लॅबमधून डोकावणाऱ्या गंजक्या सळ्या हेही तितकंच खरं. बाहेरून येऊन 'चाळ संस्कृती किती छान' म्हणणारी मंडळी बादली घेऊन रांगेत उभी राहिलेली नसतात.

आता या चाळींचा पुनर्विकास राज्य सरकार म्हाडामार्फत करत आहे. भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं, वरळीत पुन्हा कामाचा प्रारंभ ऑगस्ट २०२१ मध्ये. शिवडीच्या १२ चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यानं यात नाहीत. उरलेल्या १९५ चाळींमधल्या सुमारे साडेपंधरा हजार कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं, दोन खोल्या-स्वयंपाकघराचं घर मालकीनं आणि विनामूल्य मिळायचं आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत. टीव्हीवर एक आजोबा चावी कपाळाला लावताना दिसले. आमच्या सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज वाढवला.

फुकट घर म्हणजे पैसा येतो कुठून? गणित सोपं आहे. जुन्या चार मजल्यांऐवजी वीस-चाळीस मजले चढवले की जमीन मोकळी होते. त्या मोकळ्या जमिनीवर म्हाडा विक्रीसाठी टॉवर बांधते. मुंबईच्या मधोमध असलेल्या त्या घरांच्या किमतीतून चाळकऱ्यांच्या घरांचा खर्च निघतो. दरम्यान चाळकरी संक्रमण शिबिरात राहतात किंवा दरमहा २५ हजार रुपये भाडं घेऊन बाहेर राहतात. म्हणजे नफा बिल्डरच्या खिशात न जाता सरकारी संस्थेकडे राहतो, आणि मूळ माणूस शहराबाहेर फेकला जात नाही. हे चांगलं आहे, आणि मी ते मोकळेपणानं मान्य करते.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देते. चालू असलेली बँकेची प्रणाली आम्ही नव्या यंत्रणेवर हलवतो तेव्हा सगळ्यांत सोपं काम असतं ते नवी यंत्रणा उभी करण्याचं. अवघड असतं ते हलवणं. जुन्यातली प्रत्येक नोंद नव्यात नीट गेली का? मधल्या काळात ग्राहकाचं काम अडलं का? आणि चार वर्षांनी ही नवी यंत्रणा चालवणार कोण, खर्च कोण करणार? घरांचंही तसंच आहे. टॉवर उभा करणं हा अभियांत्रिकीचा सोपा भाग. पात्रतेची यादी, तात्पुरतं स्थलांतर आणि नंतरची देखभाल, हे तीन अवघड भाग. बी.डी.डी. योजनेत बारा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. तेराव्या वर्षी चाळीस मजल्यांच्या लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसानं कसा उचलायचा? सासूबाईंनी हाच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला होता, "घर फुकट देतील गं, पण लिफ्टचं बिल कोण देईल?"

दुसरा प्रश्न हवेचा, म्हणजे आपल्या कांदा चाळीचा. मुंबईत रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांसाठी गोवंडी-मानखुर्द भागात वसाहती बांधल्या. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेनं त्यातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की काही ठिकाणी मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही. तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त आढळलं. जवळच्याच पी.एम.जी.पी. कॉलनीत इमारतींत अंतर बरं, तिथे प्रमाण कमी. ढीग मोठा केला की मधला कांदा सडतो, हे आपण शाळेच्या वाटेवरच्या खळ्यांत पाहिलेलं. फरक एवढाच की कांदा सडला तर वास येतो आणि शेतकरी धावत जातो. माणसांच्या बाबतीत वास यायला दहा वर्षं लागतात.

तिसरा प्रश्न मिसळीचा. सरकारी कागदावर अशा योजनेला 'मिश्र वसाहत' म्हणतात, म्हणजे गरीब-श्रीमंत एका परिसरात. पण मुंबईत बहुतेक ठिकाणी पुनर्वसनाची इमारत एकीकडे, विक्रीची दुसरीकडे, मध्ये भिंत आणि दोन वेगळी गेटं. याला मिसळ म्हणायचं तर मग वेगळ्या वाटीत मटकी आणि वेगळ्या वाटीत फरसाण. सिंगापूरनं १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं. आज तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी मंडळानं बांधलेल्या घरांत राहतात. लहान-मोठी घरं एकाच इमारतीत असतात. १९८९ पासून तर प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचं प्रमाणही ठरवून दिलं आहे. हा मार्ग सगळ्यांना पटेलच असं नाही, घर कुणाला विकायचं यावर बंधन येतं. पण शेजार आपोआप तयार होत नाही, तो आखावा लागतो, एवढं त्यातून कळतं.

आमच्या घरात सध्या यावरूनच बैठक बसते. माझे दीर म्हणतात, नवं घर मिळालं की मुदत संपताच विकावं, कोटीच्या वर येतील, कल्याणला दोन फ्लॅट होतील. सासूबाई म्हणतात, "माझं डॉक्टर इथे, देऊळ इथे, भांडायला माणसं इथे. मी कल्याणला कुणाशी भांडू?" दोघांचंही मला कळतं. दिरांना दोन मुलं शिकवायची आहेत. पण सगळ्यांनीच विकलं तर काय होईल तेही दिसतं. वीस वर्षांत गिरणगावातला शेवटचा कामगार बाहेर पडेल, आणि 'मूळ रहिवाशांना तिथेच घर' या वचनाचा फक्त फलक उरेल. याचं उत्तर सरकार देऊ शकत नाही, ते घराघरांत ठरायचं आहे. आमच्याकडे अजून ठरलेलं नाही.

आता कायद्याचं एक उदाहरण, कारण शब्दाशब्दात जमीन जाते. मुंबईत गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचं काय करायचं यासाठी १९९१ मध्ये नियम झाला. एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. ऐकायला किती छान! २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून जी जमीन निघेल ती वाटणीबाहेर. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. त्यामुळे तीन भागांतले दोन भाग आक्रसून गेले. उच्च न्यायालयात लोक जिंकले, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती वैध ठरवली. आज तिथे मॉल आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत. मीही त्यातल्याच एकीत नोकरीला जाते, माझ्या खिडकीतून एक चिमणी दिसते.

मुंबई लांब राहिली, नाशिक तर आपल्या उंबऱ्यावर आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांची पहिली भाड्याची खोली सिडकोत होती. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत आलेल्या कामगारांसाठी १९७० च्या दशकापासून सिडकोनं 'नवीन नाशिक' वसवलं. सहा योजना, सुमारे पंचवीस हजार घरं, उत्पन्नाप्रमाणे गट पाडलेले. सिडकोची घरं लहान होती, पण जमिनीवर होती. लोकांनी ऐपतीप्रमाणे मागे एक खोली, वर एक मजला, पुढे एक दुकान वाढवलं. त्यानं गल्ल्या अरुंद झाल्या, गाडी शिरेना, हे खरं. पण त्या वाढीव खोलीच्या भाड्यावर कितीतरी विधवा बायकांनी मुलं शिकवली, आणि त्या खोलीत राहून आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलांनी डिप्लोमे-डिग्र्या केल्या. चाळिसाव्या मजल्यावरच्या घराला मागची खोली काढता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. दहा लाखांवरच्या शहरांसाठी राज्यानं २०१३ च्या अखेरीस एक नियम आणला, तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या विकसकानं २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची. ती म्हाडाच्या सोडतीतून, ठरलेल्या दरानं विकली जातात. म्हणजे ज्या वसाहतीत डॉक्टरचं घर आहे तिथेच बाजार समितीतल्या मापाड्यालाही घर मिळू शकतं. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे पोचलीच नाहीत, हा आक्षेप २०२२ मध्ये विधान परिषदेत गाजला. पुढे सोडती निघू लागल्या. कायदा होता, पण कुणीतरी उठून विचारल्याशिवाय तो हलला नाही.

आणि आता आपलं गाव. लासलगावची बाजार समिती १९४७ ची, कांद्याचा भाव इथे फुटतो आणि दिल्लीत मंत्री दचकतात. तरी गाव अजून ग्रामपंचायतीचंच. गेल्या पंधरा वर्षांत विंचूर रस्त्याला, पिंपळगाव नजीककडे, टाकळी विंचूरकडे प्लॉट पडत चालले आहेत. मी दर दिवाळीला येते तेव्हा एक मळा कमी झालेला असतो. प्लॉट पडू नयेत असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला पैसा लागतो आणि मुलांना घर लागतं. पण बारा फुटांचा रस्ता, गटाराला उतार नाही, मैदान नाही, दवाखान्याला जागा नाही, अशी वस्ती एकदा झाली की मग तिचा 'पुनर्विकास' करायला पन्नास वर्षांनी कुणीतरी येणार. चुकलेलं गाव दुरुस्त करणं हे नवं गाव आखण्याच्या दहापट खर्चाचं असतं. हे कोणत्याही इंजिनिअरला विचारा.

पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी वेगळं करून दाखवलं. सुमारे १२० कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर सलग जमीन तुकड्यातुकड्यानं विकली नाही. कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात समभाग घेतले आणि स्वतःच शहर वसवलं. ते मुख्यतः वरच्या वर्गाचं शहर झालं, तिथे गरिबाला जागा कमी, ही त्याची मर्यादा. पण जमीन देणारा भागीदार राहिला. आपल्याकडे शेजारचे पाच शेतकरी एकत्र बसून रस्ता आणि मैदान तरी सामाईक आखू शकत नाहीत का? शंभर एकर लागत नाहीत त्याला. बांधावरून बोलणं सुरू व्हावं लागतं, आणि ते किती अवघड आहे हे मला माहीत आहे, कारण माझ्या माहेरचा बांधही कोर्टात आहे.

म्हणून या मेळाव्यात माझी तीन मागणी आहेत. एक, आपल्या बॅचमध्ये वकील आहेत, सिव्हिल इंजिनिअर आहेत, तलाठी कार्यालयात काम केलेले आहेत. ग्रामसभेच्या आधी त्यांनी वर्षातून दोनदा एकत्र बसावं आणि नव्या प्रत्येक लेआउटमध्ये रस्ता, गटार, मोकळी जागा आहे का ते कागदावर पाहावं. मी दूर असले तरी नकाशे आणि नोंदी संगणकावर ठेवण्याचं काम माझ्याकडे. दोन, नाशिकला घर शोधणाऱ्या आपल्या गावच्या कष्टकरी माणसाला म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरून द्यायला शाळेच्या वाचनालयात एक रविवार ठेवावा. अर्ज ऑनलाइन असतो आणि नेमक्या ज्याला घर हवं त्यालाच तो भरता येत नाही. तीन, शाळेचं मैदान. त्याच्या कडेनं गाळे काढायची कल्पना मधूनमधून निघते, असं सरांकडून कळलं. उत्पन्न लागत असेल तर आपण वर्गणी काढू. मैदान मात्र मैदानच राहू द्या.

भूगोलाच्या बाईंनी आम्हाला गावाचा नकाशा काढायला लावला होता. प्रत्येकानं पहिल्यांदा स्वतःचं घर काढलं आणि मग त्याच्याभोवती गाव. बाई म्हणाल्या होत्या, आधी रस्ते काढा, विहिरी काढा, शाळा काढा, घरं मग बसतात. नगररचनेची जाडजूड पुस्तकं वाचली तरी याहून फार वेगळं काही त्यांत नसतं. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

माझं बोलणं इथे संपवते. जेवण तयार आहे, आणि कांदाभजी आपल्या गावच्या कांद्याची आहेत.